फेअर म्हणजे रास्त

"ताई, अब्बा गेले..." लातूरहून शबानाचा फोन आला तेव्हा मी वर्गात चाचणीचे पेपर वाटत होते. खलीलसरांना भेटून आल्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. उरलेले पेपर वाटले आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

सर आम्हाला लोह्याला इंग्रजी शिकवायचे. नववीत त्यांनी 'फेअर'चा अर्थ विचारला. सगळा वर्ग म्हणाला, "गोरा." मागून एकजण म्हणाला, "मग ही अनफेअर, सर," आणि माझ्याकडे बोट केलं. वर्गात सगळ्यात काळी मीच. पोरं हसली. सर रागावले नाहीत. समोरच्या रेशन दुकानाची पाटी त्यांनी त्यालाच खिडकीतून वाचायला लावली. "रास्त भाव दुकान," तो म्हणाला. "रास्त म्हणजे फेअर," सर म्हणाले. "ज्याचं जे हाय, ते त्याला देणं. रंग लई नंतर येतो, बेटा." मग आठवडाभर रोज एक अर्थ... आभाळ निरभ्र असलं तरी फेअर, मार्क बरे पडले तरी फेअर, सचोटीनं खेळलं तरी फेअर. त्या आठवड्यात मी वर्गात पहिल्यांदा मान वर करून बसले.

त्याच वर्षी गॅदरिंगला पाहुण्यांसमोर इंग्रजी भाषण होतं. निवड सरांनी केली, पहिली मी आले. हेडमास्तर म्हणाले, "स्टेजवर जरा उजळ पोरगी बरी दिसते." मी दारातच उभी होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाले, "बरं." त्यांची नोकरी तेव्हा पक्की झालेली नव्हती, घरात तीन लेकरं होती, हे मला फार उशिरा कळलं. पुढे मीही इंग्रजीचीच शिक्षिका झाले, दर ईदला त्यांना फोन करत राहिले. त्या दिवसाचा विषय मात्र दोघांनीही कधी काढला नाही.

तो त्यांनी शेवटच्या भेटीत काढला. धाप लागत होती. "बेटा, गॅदरिंगच्या वेळी मी फेअर न्हवतो."

"कुठलं गॅदरिंग, सर? मला तर काही आठवत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं."

परतीच्या एसटीत मला वाटत होतं, मी त्यांना मोकळं केलं. खरं तर मी त्यांना माफीसुद्धा मागू दिली नव्हती.

चाळिसाव्याला लातूरला गेले, तेव्हा शबानाने त्यांच्या उशाजवळची वही माझ्या हातात दिली. मी येऊन गेल्यावर त्यांनी मला पत्र लिहायला घेतलं होतं. वर माझं नाव, खाली एकच वाक्य चार वेळा सुरू करून खोडलेलं. "फेअर करून पाठवतो म्हणायचे," शबाना म्हणाली, "पण हात चालत नव्हता, ताई."

वही आता माझ्याकडे आहे. खाडाखोडीखालचं जवळजवळ सगळं मला वाचता आलं. समोरच्या कोऱ्या पानावर मी उत्तर लिहायला बसते. 'सर, मला सगळं आठवतं,' एवढं लिहून होतं... पुढे पेन सरकत नाही.