रंगूनहून पायी

भूतबित, आत्माबित यांच्या वाटेला मी कधी गेले नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं... त्यामुळे असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं, की मी उठून जायची. पण आता नव्वदीला टेकले. ही एक गोष्ट माझ्याबरोबर जाऊ नये, म्हणून लिहितेय.

माझी माय नवेगाव बांधची. तरुणपणीच विधवा झाली. दुष्काळात मजुरांच्या टोळीबरोबर कलकत्त्याला गेली, ती थेट जहाजातच चढली. मॉरिशसला ऊस तोडला. तिथल्या एका साहेबाची मुलं सांभाळत आफ्रिकेला गेली. पुढे ते कुटुंब ब्रह्मदेशात आलं, म्हणून ही रंगूनला. तिथं भाताच्या गिरणीतल्या एका माणसाशी लग्न केलं — आणि तो निघाला आपल्या चिचगडचा! अर्धी दुनिया फिरून घराजवळचाच नवरा मिळाला, म्हणून दोघं फार हसायचे. ते माझे बाबा.

जपान्यांचे बॉम्ब पडायला लागले तेव्हा बाबांनी आम्हा दोघींना एका जथ्याबरोबर पुढे काढलं. "मी मागून आलोच," म्हणाले. डोंगर, जळवा, रस्त्याकडेला पडलेली माणसं... पन्नाशी उलटलेल्या मायनं मला ओढत आसामपर्यंत आणलं. तिथून रेल्वेनं गोंदिया, आणि मग नवेगावला मामाचं घर.

बाबा आलेच नाहीत. लढाई संपली, तरी काही खबर नाही. बाया मायला तोंडावर विचारायच्या, "अजून कुंकू काऊन लावते वो?"

"तो येऊन राहिला हाये," एवढंच माय म्हणायची.

मग ती दुपार. वैशाख होता. मामाकडचे सगळे तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेले. मी आत झोपले होते. जाग आली तर माय पडवीत बसलेली — कपाळ पुसलेलं, हातात बांगड्या नाहीत. पुढ्यात पितळी परात. परातीतल्या पाण्यात लाल चिखल, आणि त्यात एक बारीक जळू वळवळत होती.

"माय, हे काय केलं तू?"

"तुहा बाप आला होता. पाय धुवून देल्ले त्याचे. गेला आता."

मी रस्त्यावर धावले. चिटपाखरू नव्हतं. जळवा गावच्या तळ्यात असतात, मान्य... पण ऐन वैशाखात असा लाल चिखल आणायचा कुठून? मला वाटलं, मायचं डोकं फिरलं. घाबरून मी परात उकिरड्यावर रिकामी केली.

त्याच हिवाळ्यात गिरणीतला बाबांचा एक सोबती आमचं घर शोधत आला. पडवीत बसून मान खाली घालून म्हणाला, "भाभी, तुम्हारे पीछे ही निकले थे हम दोनों. वो पहली बरसात में, पहाड़ में ही..."

"मालूम हाये," माय म्हणाली. "औंदाच्या उन्हाळ्यात येऊन गेला तो."

त्यानं मान वर केली. "भाभी, चार साल हो गए. लकड़ी गीली थी... मैंने अपने हाथ से मिट्टी दी."

"दूर होतं ना, बाप्पा. पायी येऊन राहिला होता." मग तिनं विचारलं, "डाव्या पायाले बांधली होती ते निळी लुंगी तुमचीच ना?"

त्यानं हातातला लोटा खाली ठेवला आणि तो हमसून हमसून रडायला लागला. लुंगी त्याचीच होती. पाय चिघळला म्हणून त्यानंच फाडून बांधली होती.

देश स्वतंत्र झाला त्या पावसाळ्यात माय गेली. तो चिखल कुठला, लुंगीचा रंग तिला कसा कळला — मला आजही सांगता येत नाही. शोधायचंही मी सोडून दिलं.

जायच्या आधी एकदा मी तिला विचारलं होतं, "त्या दिवशी मले काऊन नाही उठवलं?"

"उठवू का म्हटलं मी त्याले," माय म्हणाली. "दारात उभा राहून लय वेळ पाह्यलं त्यानं तुले. मंग म्हणे — नोको. थकली असन पोरगी. झोपू दे."