धन्यवादाच्या पानावरची गर्दी

मोजमापाच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा असतो. मी अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या एका मोटार कंपनीत आकड्यांवर काम करतो. त्यामुळे बायकोने, मेधाने, नऊवारी नेसायला शिकवण्याचा वर्ग काढायचं ठरवलं तेव्हा वेबसाइट मी केली. (तिने विचारलं नव्हतं.)

नोकरीची परवानगी नसलेल्या व्हिसापायी कित्येक वर्षं घरी बसल्यावर हा तिचा पहिलाच उद्योग. तिला एकच धास्ती होती.

"अरे, कुणी आलंच नाही तर?"

"म्हणून तर ट्रॅकिंग लावलंय. फॉर्म भरला की 'धन्यवाद, नोंदणी झाली' असं पान उघडतं. ते उघडलं की एक नोंदणी मोजली जाते."

"नावं कळतील ना?"

"ती मेलवर येतात. पण नावांत अडकायचं नसतं, मेधा. ट्रेंड बघायचा."

ट्रेंड देखणा होता. रोज सकाळी रेघ थोडी आणखी वर! मी इथल्या मराठी मंडळाकडून खुर्च्या आणल्या, मग पुन्हा जाऊन आणखी आणल्या. बेसमेंटचं मंगल कार्यालय झालं.

शनिवारी एक मुलगी आली. निकिता, जन्म इथलाच, लग्न तोंडावर आलेलं. रिकाम्या खुर्च्या बघून म्हणाली, "ॲम आय अर्ली, काकू?"

तेवढ्यात नागपूरहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल.

"मेधा, तुझा नऊवारीतला फोटो काय गोड आलाय गं. रोज उठल्याबरोबर पाहते न मी. साऱ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तेही पाहतात."

"कुठला फोटो, आई?"

"तो नाही का, वर 'धन्यवाद' लिहिलंय. जावईबापूंनीच लिंक पाठवली."

(कौतुक व्हावं म्हणून पाठवली होती. झालं.) मी पहिल्यांदा मेल उघडली. नाव एकच होतं, आणि ते समोर उभं होतं.

मेधाचा चेहरा बघवेना. निकिताच हळूच म्हणाली, "काकू, आपण करू या ना. फक्त मला कुणावर तरी नेसवून दाखवा, यार, स्वतःवर काहीच दिसत नाही."

मेधाने माझ्याकडे पाहिलं. "उभा राहा."

ऑफिसच्या टी-शर्टवर काष्टा चढला. मेधा सुरेख शिकवते, हे मला निऱ्यांच्या आतून कळलं. निकिताने व्हिडिओ काढून मैत्रिणींना पाठवला.

पुढच्या वर्गाला खरोखरच्या नोंदण्या आल्या. या वेळी मी प्रत्येक नाव वाचलं. फॉर्मच्या 'काही शंका?' या रकान्यात बहुतेकींनी एकच विचारलं आहे: "काका नेसणार आहेत ना?"