बाबांची पांढरी टोपी

जालन्यात एमआयडीसीच्या रस्त्यावर माझं पीयूसी सेंटर आहे. डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालायची, चालकाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगायचं, की यंत्र धुराचा आकडा दाखवतं. अर्धवट दाबून धूर लपवणारे रोज भेटतात. मी त्यांना चारचौघांत झापते. माझी जीभ तिखट आहे, असं आईच सांगते.

आमच्या घरचं यंत्र म्हणजे बाबांची टोपी. बाबा टेम्पोतून कामगारांना मिलवर सोडायचे. दर सोमवारी सकाळी इंजिन गरम झालं की टोपी काढून सायलेन्सरपुढे धरायचे आणि वीसपर्यंत मोजायचे. वर्तुळ करडं उमटलं तर ठीक, काळं उमटलं तर इंजिनात डिझेल फवारणारं नोझल साफ करायचं. आई टोपी घासताना करवादायची, "गाडीचं तोंड पुसायला दुसरं काही न्हाई का?" ते सोमवार आठवले की मला अजून साबण आणि डिझेलचा वास एकदमच येतो.

मग काही महिने मात्र टोपी स्वच्छ असायची. आई खूश होती. म्हणायची, गाडी सुधारली.

मागच्या उन्हाळ्यात बाबांनी टेम्पो माझ्याकडेच तपासणीला आणला. आता इंजिनात काही राम नाही, गाडी नापास झाली तर भंगारातच घाला, असं मिस्त्रीने आधीच सांगितलं होतं. मी नळी घातली. बाबांनी नेहमीसारखा हलकाच पाय दिला. आकडा पास होण्याजोगा आला. मी गप्प बसले असते तर टेम्पो वाचला असता. माझं बोट प्रिंटच्या बटणापर्यंत गेलंही.

"बाबा, पूर्ण दाबा."

"इंजिनाला असं कधी वरडवलं न्हाई, माय."

"दाबा."

त्यांनी दाबलं. मागचं लिंबाचं झाड दिसेनासं झालं. यंत्राने नापास दाखवलं. बाबा खाली उतरले, तेव्हा माझं लक्ष त्यांच्या टोपीकडे गेलं. पांढरीशुभ्र.

"टोपी कधीपासून धरली न्हाई?"

"दिवाळीपासून," ते म्हणाले. "म्हाईत व्हतं गं मला. पन टोपीनं सांगितलं असतं तर मंग ऐकावं लागलं असतं."

मी नापासाचा कागद पुढे केला. त्यांनी तो नीट वाचला, घडी घातली आणि टोपीत ठेवून टोपी डोक्यावर चढवली.