जाहिरातीतला पगार

चष्म्याच्या दुकानात कामाला लागली तेव्हा धाकटी मालकांना 'सर' म्हणायची. आठवड्याभरात त्यांनीच सांगितलं, "सर काय म्हणतेस? काका म्हण. आपलं घरच आहे हे." धाकटीला तेव्हा बरं वाटलं. फसली ती तिथेच. सरांकडे पगारवाढ मागता येते. काकांकडे मागायची म्हणजे जीभ टाळ्याला चिकटते.

थोरली बहीण लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत गेली, तरी ही घरात अजून धाकटीच. दुकानातल्या पडद्यामागच्या लहानशा खोलीत तिचं काम चालायचं. काच फ्रेमच्या मापाने घासायची, खाचेत बसवायची, पुसून द्यायची. मशीन दिवसभर पाणी उडवत गुरगुरायचं आणि संध्याकाळी तिच्या ॲप्रनवर पांढरा गाळ वाळलेला असायचा. चार वर्षांत पगार एकदाच वाढला होता, आणि तोही इतकासा की घरी सांगायची लाज वाटली.

तिला आता डोळे तपासायला शिकायचं होतं. संध्याकाळचा कोर्स होता आणि प्रवेश शनिवारी बंद होणार होता. फी हप्त्याने भरता येत होती, पण हप्ता काही केल्या तिच्या पगारात बसत नव्हता.

मागून पाहिलं नव्हतं असं नाही. पहिल्यांदा काका म्हणाले, "पैशाच्या मागे लागू नकोस, कामाच्या मागे लाग." दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःच्या तरुणपणीची गोष्ट सांगितली. तीत ते उपाशीपोटी सायकलवरून फ्रेमा विकत होते. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा तिला मॅनेजर केलं. पगार तोच, फक्त चिडलेली गिऱ्हाइकं तिच्याकडे यायला लागली.

रविवारी भावजी, म्हणजे थोरलीचा नवरा, लॅपटॉप उघडून बसले. ते बँकेत होते आणि सासुरवाडीला सल्ला द्यायला त्यांना कोणी विचारायची गरज नसायची.

"हे बघ, पगाराचे तीन भाग करायचे. निम्मा गरजांना, थोडा हौसेला, उरलेला गुंतवायचा. तुझी हौस किती लिहू?"

"शून्य लिहा."

"असं कसं? चहा-कॉफी, सिनेमा?"

"भावजी, माझा पगार पहिल्या भागातच संपतो. बाकीचे दोन कुठून आणू?"

"म्हणजे शिस्त नाही," असं म्हणत भावजींनी तेही टाइप केलं.

स्वयंपाकघरातून थोरली म्हणाली, "अहो, तिला शिस्त नकोय, पैसे हवेत. असतील तर द्या." भावजींनी लॅपटॉप मिटला.

आईचं वेगळंच. "काकांना तोडून बोलू नकोस हं. माझ्या ऑपरेशननंतर चष्मा फुकट दिला होता त्यांनी."

"काच मीच घासली होती, आई."

"फ्रेम त्यांची होती ना पण."

धाकटीने कपाळावर हात मारला. सल्ल्यावर हप्ता भरता आला असता तर तिची फी एव्हाना दोनदा भरून झाली असती.

सोमवारी काकांनी तिला गल्ल्यापाशी बोलावलं. "काम वाढलंय. तुझ्या हाताखाली एक माणूस घेऊ. तू जाहिरात टाक आणि येईल त्याला तूच पारख."

तिने फोन काढला. काम लिहिलं, वेळ लिहिली. "पगार काय लिहू?"

काकांनी आकडा सांगितला. फ्रेमा पुसता पुसता, वरही न बघता. तो तिच्या पगारापेक्षा चार हजारांनी जास्त होता.

"नवीन माणसाला?" तिने विचारलं.

"हल्ली याच्या खाली कोणी येतच नाही गं," काका वैतागून म्हणाले. जणू ही तक्रार ऐकून घ्यायला तिच्यापेक्षा योग्य माणूस जगात नव्हता.

तिने आकडा टाइप केला. बोट जरा जोरातच आपटत होतं. त्या दिवशी घासताना तिच्या हातून एका काचेचा टवका उडाला.

बुधवारी एक मुलगा आला. केस चापून बसवलेले, शर्ट कडक इस्त्रीचा. तिने त्याला एक जुनी काच घासायला दिली. कड थोडी खडबडीत राहिली, पण माप चुकलं नाही. तिला त्याचा राग येईना, आणि राग येत नाही म्हणून आणखीच चिडचिड झाली.

"ताई, इथे पगार वाढतो का हो?" जाताना त्याने हळूच विचारलं.

"नंबर ठेवून जा. कळवते," ती म्हणाली.

काका गल्ल्यावरच होते. "कसा वाटला?"

"बरा आहे. पण आणखी एक मुलगी आहे. चार वर्षं हेच काम करतेय."

"मग ती पैसे भरमसाट मागेल."

"नाही. जाहिरातीतल्या पगारावर यायला तयार आहे."

"मग विचार कसला करतेस? बोलाव."

"आलीय. ही काय, तुमच्यासमोर उभी आहे."

काका आधी हसले. ती हसत नाही हे पाहिल्यावर थांबले. "अगं, तू काय परकी आहेस का?"

"परकी झाले तर मिळतील का चार हजार?"

"मुलीसारखं मानलं तुला मी."

"तेच जरा कमी माना आणि पगार द्या. शनिवारी माझा प्रवेश बंद होतोय, काका. नाही म्हणायचं असेल तर आजच म्हणा, म्हणजे मला दुसरीकडे बघता येईल."

बोलून झाल्यावर तिचे कान तापले. काकांनी गल्ला उघडला, उगाच बंद केला. मग म्हणाले, "दोन हजार वाढवतो."

"चार."

काकांनी पुसलेलीच फ्रेम पुन्हा पुसली. "बरं, चार. पण मग तो मुलगा नको. एवढं मला झेपायचं नाही. सगळं काम तू एकटीने ओढायचं, संध्याकाळी थांबून."

म्हणजे हप्त्याचे पैसे हातात आले, आणि ज्या संध्याकाळी शिकायला जायचं, त्याच संध्याकाळी दुकानाने मागून घेतल्या. धाकटीला ओरडावंसं वाटलं. तिने पगाराला हो म्हटलं आणि बाकीच्याला काहीच उत्तर दिलं नाही. काकांनी तीच संमती धरली.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तिने पहिला हप्ता भरला.

वर्ग सुरू झाला त्या दिवशी ट्रेमध्ये बरंच काम पडलं होतं आणि बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती. धाकटीने हातातली काच पूर्ण केली, फ्रेममध्ये बसवली, पुसली आणि मशीन बंद केलं. ॲप्रन काढून ती बाहेर आली.

"निघालीस? आणि हे कोण करणार?" काकांनी विचारलं.

"त्या मुलाला बोलवा. फोनवर त्याचा नंबर पाठवलाय."

"आपलं काय ठरलं होतं?"

"तुम्ही ठरवलं होतं. मी पगार तेवढा ठरवला. सकाळी मी लवकर येईन, पण संध्याकाळी थांबणार नाही."

काकांनी फोन हातात घेतला, नंबर पाहिला, चेहरा आंबट केला. "आणि आता तो जास्त मागायला लागला तर?"

"मागेल," धाकटी म्हणाली, आणि वर्गाला उशीर होत होता म्हणून निघाली.