शेवटचा वडा

धसईच्या घरी बसून मी संगणकाला होस्टनेम, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांची नावं, तपासायला शिकवत होते. नियम साधा होता: अक्षरं, आकडे, आडव्या रेघा कितीही घे, पण शेवटी अक्षर किंवा आकडाच हवा. तरी तो प्रत्येक चांगलं नाव नाकारत होता. दुपारच्या ऑनलाइन मीटिंगपर्यंत जमलं नाही, तर सगळ्यांसमोर मला बोलावं लागणार होतं. मला बसमध्ये तिकीट मागायलाही धीर गोळा करावा लागतो.

स्वयंपाकघरात काकी वडे तळत होती. आमच्याकडे शेवटचा वडा तळणारीचा असतो. काकांनी तोही उचलला.

“उचलताना पुढं बघा की जरा, अजून उरलाय का नाय,” काकी म्हणाली.

“नव्हता उरला, म्हणून तर घेतला.”

माझा नियमही नावातलं शेवटचं अक्षर असंच गट्ट करत होता, आणि शेवटच्या अटीला काही उरतच नव्हतं. मी त्याला बजावलं, पुढे अजून एक असेल तरच हातातलं घे. सगळी नावं पास झाली.

मीटिंगमध्ये मी फक्त ‘झालं’ एवढंच टाइप केलं. साहेब म्हणाले, चूक कशी सापडली ते बोलून सांग. मी माइक चालू केला, आणि माझ्याआधी स्वयंपाकघरातून काकाच बोलले, “आता दुसरा घाणा काढ गो.”