घड्याळाला न कळलेलं वजन

जिममध्ये आज शेजारच्या मुलीनं जड दांडा खांद्यावर पेलून बैठका मारल्या. घाम हनुवटीवरून टपकत होता. मग मनगटावरच्या घड्याळात पाहून ती वैतागली, "एवढ्याच कॅलरी? चालत घरी गेले असते तर जास्त जळल्या असत्या!"

ट्रेनर हसला. "अगं, त्याला हात हललेला कळतो, वजन पेललेलं कळत नाही. मधेमधे हात झटक, आकडा वाढेल."

ती खरंच हात झटकू लागली. सगळे हसले. मला मात्र संताप आला.

मुलानं दिलेलं तसलंच घड्याळ माझ्याही हातात आहे. आमची ही गेली त्याच्या आधीचे कित्येक महिने मी तिला काखेत हात घालून पलंगावरून उचलत असे आणि तिचे पाय जमिनीवर ठरेपर्यंत न हलता उभा राहत असे.

"अहो, टाकाल मला."

"टाकायला तू काय पोतं आहेस?"

माझे हात थरथरत, पाठ भरून येई. आणि रात्री हे घड्याळ मला सांगे, आज तुमची हालचाल फार कमी झाली, जरा उठा. कुणी दिला याला हा अधिकार? माणसाला सावरून धरायचं तर हलून कसं चालेल?

"काका, तुम्ही पण झटका की हात!" मुलगी म्हणाली.

"नको," मी म्हणालो. दोन्ही हातांत डंबेल घेतले आणि हात थरथरू लागले तरी तसाच, न हलता, उभा राहिलो.