देवीला चार वेळा विचारलं

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून देवळातून आल्या आल्या लिहायला बसलोय.

मला कल्याण स्टेशनात सांधेवाल्याची नोकरी मिळतेय. आगगाडी कुठल्या रुळावर घालायची, ते बघायचं काम. उद्या सकाळी साहेबाला हो की नाही ते सांगायचंय. बाबा म्हणाले, "आपण कळव्याची मिठागरातली माणसं. आधी गावदेवीचा कौल घेऊ."

सकाळी गेलेलो. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. पडलं उजवं, तेही लगेच!

बाबा म्हणाले, "वाऱ्यानं पडलं. परत लाव."

परत उजवंच. "गुरवा, तू नीट विचारलं नाय."

तिसऱ्यांदा गुरवाने अख्ख्या देवळाला ऐकू जाईल असं विचारलं. तरी उजवं. चौथ्यांदा बाबांनी स्वतः फुलं लावली आणि डावं पडलं. "बघ, देवी नाय म्हणते!" म्हणत नारळ फोडून मोकळे.

अरे, मग आधीच्या तीन फुलांचं काय?

वाटभर मी बाबांवर चिडलेलो होतो. घरी आल्यावर मात्र एक गोष्ट टोचायला लागली. पहिलं फूल डावं पडलं असतं, तर "परत लावा" असं मीच ओरडलो असतो.

उद्या साहेबाला मी हो सांगणारच आहे. पण देवीसमोर आता कुठल्या तोंडाने उभा राहू? खरं सांगा, तुमच्यातला कोणी कधी पहिल्या फुलावर थांबलाय?